लॉटीची हरवलेली उडी

“बाबा, डबा नाहीये.”

गुरुवारी सकाळी साडेनऊला नेत्राचा फोन आला तेव्हा सदानंदराव तिच्या क्योतोतल्या फ्लॅटमध्ये दुधावर पहारा देत उभे होते. लेकीचा आवाज त्यांनी ओळखला. दहावीच्या निकालात नंबर सापडत नव्हता तेव्हाचा तो आवाज होता.

“कुठला डबा?”

“लॉटीचा. मोरिता-सानांच्या घरी आहे मी. शीतपेटी जागेवर आहे, आत डबा नाही.”

त्यांनी शेगडी बंद केली. “काही हलवू नकोस. बसचा नंबर सांग.”

छत्तीस वर्षं त्यांनी मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हरवलेल्या मालाच्या तक्रारी निपटल्या होत्या. आंब्याच्या पेट्या, शिलाई मशिनं, एकदा तर वाजंत्र्यांचं अख्खं सामान. त्यातून ते एकच गोष्ट शिकले होते. माल हरवत नाही, माल जागा बदलतो. आणि जागा बदलणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा तक्रारीच्या कागदावरच कुठेतरी असतं.

डबा कसला, ते आधी सांगायला हवं. नेत्रा इथल्या विद्यापीठात जुन्या फिल्म वाचवण्याचं काम करायची. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले मूकपट जपानात येत. थिएटरांत फिरून झिजले की त्यांचे तुकडे करून पोरांच्या खेळण्यातल्या, हाताने फिरवायच्या पत्र्याच्या सिनेमायंत्रांसाठी विकत. म्हणून अमेरिकेत जे चित्रपट जळून नाहीतर कुजून गेले, त्यांचे हातभर तुकडे अजूनही क्योतोच्या माळ्यांवर निघतात. मोरिता-सानांच्या घरी मात्र अख्खं रीळ निघालं होतं. लॉटी पेनरोज नावाच्या नटीचं. त्या काळात स्प्रिंगच्या काठीवर उभं राहून टणाटण उड्या मारायचं अमेरिकेला वेड लागलं होतं, आणि ही बाई नवरीच्या पोशाखात त्या काठीवरून स्वतःच्या लग्नातून पळून जायची. तिचे अकरा चित्रपट. दहा कायमचे गेले. नाव घेणारं कोणी उरलं नाही.

ब्याण्णव वर्षांच्या मोरिता-सानांचे वडील पडद्याशेजारी उभं राहून मूकपटाला वाणी द्यायचे. अशा निवेदकाला इथे बेन्शी म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सदानंदराव मांडीवर थाप मारून म्हणाले होते, “म्हणजे कीर्तनकारच की. समोर श्रोते, मागे साथीदार, आणि कथा याच्या जिभेवर.” त्यांनी स्वतः तीस वर्षं चंद्रहासबुवांच्या मागे पेटी धरली होती. मोरितांच्या वडिलांच्या मागे ओकुबो नावाचा मित्र व्हायोलिन वाजवायचा. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी, दहा वर्षांची ती जोडी एका दिवसात तुटली. ओकुबोने या रिळातला तुकडा कापून खेळण्यांच्या दुकानाला दिला, असं ठरलं. वडिलांनी त्याला दारातून परत पाठवलं. तो क्योतो सोडून गेला आणि म्हणे पुन्हा कधी व्हायोलिनला हात लावला नाही.

आता रविवारी गल्लीच्या सभागृहात लॉटीचा खेळ होता. गुरुवारी रीळ न्यायचं, यंत्रावर त्याची नक्कल उतरवायची आणि ती नक्कल दाखवायची, असं ठरलेलं. आणि रीळच नाही. नेत्राच्या शब्दावर ते विद्यापीठाच्या यादीत चढलं होतं. ते गेलं तर या शहरात तिच्या हाती कोणी आपल्या घरची साधी तसबीरसुद्धा दिली नसती.

बसस्टॉपवर नेत्रा उभी होती. चालता चालता तिने बजावलं, “बाबा, त्यांना उलटसुलट विचारू नका. फार मानी आहेत. रोज सकाळी आठला वडिलांपुढे मेणबत्ती लावल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. साठ वर्षं झाली.”

“अशा बाईला मी काय विचारणार? आधी पाया पडेन.”

घर अरुंद आणि आत खोल. मोरिता-सान दारातच कमरेत वाकल्या. सदानंदराव त्यांच्याहून जास्त वाकले, तेव्हा त्या पुन्हा वाकल्या. नेत्राने दोघांना थांबवलं नसतं तर दुपार झाली असती.

बैठकीत काळ्या लाकडाचा उभा देव्हारा होता. आत सोन्याच्या वर्खाचा छोटा बुद्ध, वडिलांचा फोटो, खाली एक खण. सदानंदरावांनी हात जोडले, डोळे मिटले. कापराचा मंद वास आला आणि त्यांचा जीव निवला. दोन आठवडे त्या वासावाचून गेले होते. मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या बॅगेतली कापराची डबी काढून घेतली होती, ज्वालाग्राही म्हणे. इथे आल्यावर पहिल्या संध्याकाळी नेत्राच्या सुती हातमोज्यांना तो वास आला, तर त्यांनी विचारलं होतं, देवळात जाऊन आलीस का? तेव्हा तिने सांगितलं, जुन्या फिल्मचं सेल्युलॉइड बनवतानाच त्यात कापूर घालत, आणि ती पेटलीच तर कापरासारखीच भडकते.

त्यांनी डोळे उघडले. बुद्धापुढे नवी कोरी मेणबत्ती. वात पांढरीशुभ्र. शेजारी उदबत्तीची राख, जुनी, सपाट. त्यांनी पुन्हा नमस्कार केला आणि चौकशीला बसले.

“मंगळवारी काय काय झालं? क्रमाने सांग.”

नेत्राने सांगितलं. तिने इथेच बसून रीळ तपासलं, डबा परत शीतपेटीत ठेवला. उडीच्या प्रसंगात तीसेक चौकटी सुट्या कापून परत चिकटवलेल्या निघाल्या. “आणि चिकटवल्या कशाने, तर भाताच्या शितांनी. थिएटरातला माणूस असं कधी करणार नाही. मी हसून मोरिता-सानांना म्हटलंसुद्धा, हे कोणा लहान मुलाचं काम दिसतंय.”

“मग?”

“मग मी त्यांना आनंदाची बातमी दिली. ओकुबोंची नात मला कोबेला सापडली. ती रविवारी व्हायोलिन वाजवणार आहे.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. त्यांच्या हातून चहा सांडला, तो पुसण्यात राहिलं.”

सदानंदरावांनी मान डोलवली, आणि त्यांचं लक्ष पुढच्या दिवसाकडे गेलं. इथेच ते चुकले.

“बुधवारी कोण आलं होतं?”

नेत्राने प्रश्न जपानीत नेला. मोरिता-सान मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. बुधवारी दुपारी, त्या म्हणाल्या, अंबरीष-सान डब्यांचे फोटो काढायला आला होता, तासभर होता, आपण चहा करायला आत गेलो होतो.

“त्याने डबा नेला असेल, असं वाटतं तुम्हाला?”

म्हातारी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

अंबरीष नेत्राबरोबर पीएचडी करणारा सांगलीचा मुलगा. सदानंदरावांना त्याचं कौतुक होतं, कारण तो भजनात टाळ बरोबर ठेक्यात धरायचा. पण महिन्यापूर्वी हेच रीळ आपल्या प्रबंधासाठी मिळावं म्हणून तो नेत्राशी भांडला होता, हेही त्यांना ठाऊक होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीने त्यांचं बोट परस्पर त्या नावावर ठेवलं.

दर गुरुवारी नेत्राकडे भजन असायचं. सात-आठ मराठी मुलं-मुली जमायची. त्या संध्याकाळी अंबरीष उशिरा आला, पाठीवर फुगलेली बॅग. सदानंदरावांनी पेटीचा भाता मिटला.

“बुधवारी मोरिताबाईंकडून किती वाजता निघालास?”

“तीनला, काका.”

“तिथून कुठे?”

“काम होतं.”

“लॅबमध्ये?”

“नाही.”

“मग कुठे?”

अंबरीषने नेत्राकडे पाहिलं. मग बाकीच्यांकडे. “सांगायलाच हवं का?”

“ज्याला लपवायचं नसतं, त्याला सांगायला काय लागतं?” सदानंदराव म्हणाले. “बॅग उघड बघू.”

नेत्रा म्हणाली, “बाबा, पुरे.” पण अंबरीषने बॅग सतरंजीवर उलटी केली. छत्री पडली. अर्धे पोहे उरलेला डबा पडला. आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी. आणि शेवटी, नीट घडी घातलेला, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा डगला, छातीवर जपानी लिपीत त्याचं नाव.

त्याची शिष्यवृत्ती एप्रिलमध्येच संपली होती, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. बुधवारी साडेतीनपासून रात्री दहापर्यंत तो गल्ल्यावर उभा होता.

“झालं, काका?” त्याने विचारलं. सगळं बॅगेत भरलं. प्रसादासाठी थांबला नाही.

शुक्रवार सदानंदरावांनी गॅलरीत काढला. समोर कचऱ्याच्या जाळीखाली डबेबाटल्या वेगळ्या, कागद वेगळा. इथली माणसं कचराही चुकीच्या ढिगात टाकत नाहीत, आणि आपण एक जितंजागतं पोर टाकलं. बुवा म्हणायचे, पेटीवाल्याचा सूर चुकला तर लोक गाणाऱ्याकडे बघतात. काल त्यांनी सूर चुकवला होता आणि सगळ्यांनी अंबरीषकडे पाहिलं होतं. अंबरीषला त्यांनी दोनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

संध्याकाळी नेत्राने देवापुढे विजेचा दिवा लावला. सदानंदरावांनी आरती म्हटली.

“कापराशिवाय आरती झाल्यासारखी वाटत नाही,” ते पुटपुटले. “मोरिताबाईंना विचार, कुठून आणतात. त्यांच्या देव्हाऱ्यात काय सुरेख वास होता.”

“बाबा, इथे देव्हाऱ्यात कापूर नाही लावत. उदबत्ती लावतात. चंदनाची वगैरे.”

“मी स्वतः घेतला वास.”

“कपड्यांच्या कपाटात ठेवतात. किमोनोत असेल.”

“कपडे त्या आतल्या खोलीत ठेवतात. मी देव्हाऱ्यापुढे उभा होतो.” ते बोलता बोलता थांबले.

देवापुढे कापराचा वास. जन्मभर घेतलेला. त्यात विचारायचं ते काय? दुसरा कोणी तिथे उभा असता, जपानी असता, गोरा असता, तर म्हणाला असता, हा वास इथे कसा? फक्त आपल्यासारख्यालाच तो जागच्या जागी वाटणार. नाकासमोर आलेला पुरावा त्यांनी हात जोडून परत पाठवला होता.

“नेत्रा,” ते हळूच म्हणाले, “उद्या सकाळी आपल्याला मोरिताबाईंकडे जायचंय. आणि मला आधी देवाची क्षमा मागू दे.”

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ते पोचले. मोरिता-सानांनी चहा ठेवला. बुद्धापुढची वात अजूनही पांढरीच होती.

सदानंदराव कीर्तनात कथा लावतात तसे सावकाश बोलायला लागले, आणि नेत्रा एकेक वाक्य जपानीत नेत राहिली.

“बाईसाहेब, मी चुकीच्या दिवसापासून सुरुवात केली. बुधवारी कोण आलं, हे विचारलं. विचारायला हवं होतं ते हे, की मंगळवारी तुमच्या हातून चहा का सांडला. नेत्राने तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. रीळ शितांनी चिकटवलंय, म्हणजे ते लहान मुलाचं काम. आणि ओकुबोंची नात येतेय. दोन्ही वेगवेगळ्या ऐकल्या तर गंमत वाटते. एकत्र ऐकल्या तर ओकुबोंवरचा आळ खोटा ठरतो.”

मोरिता-सान हलल्या नाहीत.

“मग त्या घरात लहान मूल कोण होतं? माझ्या लेकीला हे सुचलं नाही, कारण तिला तुम्ही कायम ब्याण्णव वर्षांच्याच दिसता. तेव्हा तुम्ही आठ वर्षांच्या होता. रीळ यंत्रावर चढलं असतं तर चौकटीला चौकट लागून ते सांधे पडद्यावर दिसले असते, आणि समोर ओकुबोंची नात बसलेली असती. म्हणून डबा हलला. पण तुम्ही तो टाकला नाहीत. जाळला नाहीत. सगळ्यात पवित्र जागी ठेवलात.”

“बाबा, पुरावा?” नेत्राने मराठीत, खालच्या आवाजात विचारलं.

“कापूर आणि वात. जी बाई साठ वर्षांत एक सकाळ चुकली नाही, तिने गुरुवारपासून मेणबत्ती पेटवलेली नाही. वात बघ. कारण बाई निवेदकाच्या कन्या आहेत. फिल्म कशी पेटते हे त्यांना तुझ्याआधी माहीत आहे. आणि जिथे काडीच ओढलेली नाही, तिथे कापराचा वास कुठून येतो? जळणाऱ्या कापराचा नव्हे, जपलेल्या फिल्मचा.” मग ते मोरिता-सानांकडे वळले. “तो खण मी उघडणार नाही. परवा एकाची बॅग उघडायला लावली, तेवढं पाप पुरे आहे. तुम्हीच उघडा.”

मग मोरिता-सान गुडघ्यांवर सरकत देव्हाऱ्यापाशी गेल्या. खण ओढला. रेशमी रुमालात बांधलेला गोल डबा बाहेर आला, आणि खोलीभर देवळाचा वास पसरला.

त्यांनी सांगितलं ते असं. लॉटीची उडी त्यांना फार आवडायची. वडिलांच्या मागे लागून त्या रीळ उलगडून बघायच्या. मग वाटलं, एकेक चौकट कापून गठ्ठा केला आणि अंगठ्याने सरकवला, तर लॉटी आपल्या मुठीत उडी मारेल. आईची कात्री घेतली. लॉटी उडाली. दोन दिवस मुलगी आनंदात होती. तिसऱ्या दिवशी वडिलांना रीळ तुटलेलं दिसलं आणि त्यांचा संशय ओकुबोंवर गेला, कारण ओकुबोंची खेळण्यांच्या दुकानात उठबस होती. दारातलं भांडण तिने जिन्याखालून ऐकलं. ओकुबोकाका तिला खडीसाखर आणायचे. त्या दिवशीही त्यांच्या हातात पुडी होती. ती तिथेच, उंबऱ्यावर राहिली.

“त्या रात्री मी जेवणातली शितं लपवून ठेवली,” मोरिता-सान म्हणाल्या. “सगळ्या चौकटी परत चिकटवल्या. मला वाटलं, बाबा डबा उघडतील, उडी जागेवर दिसेल, आणि ते काकांना बोलावतील. बाबांनी तो डबा पुन्हा कधी उघडलाच नाही.”

नेत्राचा आवाज भाषांतर करताना फाटला.

“आणि तुम्ही त्या मुलाबद्दल विचारलंत, तेव्हा मी पुन्हा गप्प बसले. चौऱ्याऐंशी वर्षांत मी काहीच शिकले नाही.”

सदानंदराव म्हणाले, “गप्प तुम्ही बसलात. बोललो मी. आपण दोघंही एकाच पोराचे अपराधी आहोत.”

नेत्राने डबा शीतपेटीत ठेवला. सांधे यंत्रावर ती पुसून टाकू शकत होती, ते तिने मोरिता-सानांना सांगितलं. कोणाला कळणार नाही. मोरिता-सानांनी मान हलवली. नको. आणि पेटीचं झाकण लागल्यावर त्यांनी तीन दिवसांत पहिल्यांदा काडी ओढली आणि मेणबत्ती लावली.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. गल्लीतले म्हातारे, विद्यापीठातली माणसं, आणि गुरुवारच्या भजनातली सगळी मराठी मुलं. अंबरीषला आणायला नेत्रा स्वतः दुकानात जाऊन आली होती. तो मागे, दारापाशी, बॅग छातीशी धरून बसला.

ओकुबोंच्या नातीने, पन्नाशीच्या एका सडपातळ बाईने, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. मोरिता-सान वडिलांच्या जागी, पडद्याशेजारी उभ्या राहिल्या. आवाज लहान, पण त्याला कथेकऱ्याचा झोक होता. शंभर वर्षांपूर्वीची, विसरलेली नटी धावली, धडपडली, पाद्र्याची टोपी घेऊन पळाली. लोक हसले. मग लॉटी काठीवर चढली, नेत्राने वेग अगदी मंद केला, आणि पडदा दर चौकटीला थरथरायला लागला. वेड्यावाकड्या कापांच्या रेघा, शितांचे पांढरे डाग.

मोरिता-सानांनी सूर न सोडता सांगितलं. ही उडी आठ वर्षांच्या एका मुलीने कापली. त्या मुलीचं नाव मोरिता चियो. ओकुबोंनी कापली नाही. ओकुबोंनी कधीच काही कापलं नव्हतं. मुलीला ठाऊक होतं आणि ती बोलली नाही.

व्हायोलिन थांबलं. लॉटी हवेत होती, आवाजाशिवाय. मोरिता-सान त्या बाईकडे वळून वाकल्या, कपाळ गुडघ्यांपर्यंत, आणि तशाच राहिल्या. ओकुबोंच्या नातीने डोळे पुसले नाहीत. तिने गज उचलला आणि लॉटी जमिनीवर उतरायच्या आत सूर धरला.

दिवे लागले. सदानंदराव उठले आणि खुर्च्यांमधून मागे गेले. अंबरीष उभा राहिला. त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला.

“काका, हे काय करताय?”

“कीर्तन संपलं ना रे. कीर्तन संपल्यावर लहानथोर बघायचं नसतं, एकमेकांच्या पाया पडायचं असतं.” ते सरळ झाले. “गुरुवारी होते ते सगळे इथे आहेत का? मग ऐका. गुरुवारी मी या मुलाला चोर ठरवलं. माझ्या नाकाला वास कळला नाही, आणि राग याच्यावर काढला. पोरगा दिवसा शिकतो आणि रात्री उभा राहून कमावतो. ते त्याने लपवलं होतं, मी त्याच्या इच्छेविरुद्ध उघडं केलं. यातलं मला काहीच परत मिटवता येत नाही.”

अंबरीष खाली बघत राहिला. “मला राग आलाय, काका. अजून आहे.”

“असू दे. घाई नाही.”

लोक बाहेर पडायला लागले. दाराशी बुटांची गर्दी झाली. अंबरीष पायरीवर बसला, त्याच्या बुटाची नाडी गाठीत अडकली होती. एका हाताने ती सुटेना. त्याने वर पाहिलं, क्षणभर थांबला, आणि छातीशी धरलेली बॅग सदानंदरावांपुढे केली.

“धरा जरा.”

सदानंदरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली.